बियाणं तिच्या हाती, जमीन कुणाच्या नावावर?



स्वावलंबी घराची कल्पना अलीकडे पुन्हा मानाची झाली आहे. परसात भाजी, घरचं खत, घरचे मसाले, बाजारातून शक्यतो काही आणायचं नाही, अशा संसाराचं कौतुक होतं. त्यात गैर काही नाही. पण घर स्वावलंबी होतं तेव्हा घरातली बाई स्वावलंबी होते का, हा प्रश्न आपण नाही तर कोण विचारणार?

उत्तर शोधायला दूर जायला नको. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्या सर्वांना माहीत आहेत. महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी शाळेची पायरी चढली नाही. पण संकरित बियाण्यांच्या रेट्यात गावठी वाण संपत चालले, तेव्हा त्यांनी वाल, घेवडा, भाताचे जुने वाण जमवले, जपले आणि इतर बायांना वाटले. बाएफ संस्थेची आणि बचत गटांतल्या बायांची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली. 2018 साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या कामाचं मोल नीट समजून घेऊ. संकरित वाणाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी दुकानात जावं लागतं आणि तिथला व्यवहार बहुधा पुरुषाच्या हाती असतो. गावठी बियाणं मात्र घरात राहतं. चांगलं कणीस, चांगली शेंग निवडणं, वाळवणं, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात ठेवणं, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बायांचं. बियाणं दुकानात गेलं तेव्हा पैसा तर गेलाच, पण काय पेरायचं हे ठरवण्याचा बाईचा अधिकारही गेला. राहीबाईंनी तो अधिकार परत आणला. शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानंही मान्य केला आहे.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती पुरस्काराच्या बातमीइतकीच राहील. परसबागेला पाणी लागतं. ते कुणाच्या डोक्यावरून येतं? सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात बाईची दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. त्यात आणखी दोन हंडे आणि एक वाफा वाढला तर ते स्वावलंबन कुणाचं आणि कष्ट कुणाचे? हिवरे बाजारनं 1990 च्या दशकात आधी पाणी अडवलं आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. गावाच्या पाण्याचा प्रश्न गावानं सोडवायचा असतो, एकेका बाईच्या कमरेनं नाही.

याच जिल्ह्यात पाथर्डीकडची जोडपी दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. जी बाई वर्षाचे पाच-सहा महिने पालावर काढते, तिला परसबागेचं भाषण काय उपयोगाचं? तिचं स्वावलंबन तिच्या मजुरीचा हिशेब तिच्या हातात येण्यापासून सुरू होतं.

तिसरा प्रश्न जमिनीचा. शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. बाईनं आपल्या तुकड्यावर घरच्या बियाण्यानं पिकवायची ‘सीताशेती’ही त्याच विचारातून आली. म्हणजे जमीन आणि घरचं पीक यांची सांगड तेव्हाच घातली गेली होती. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. म्हणजे ज्या आदिवासी बायांनी बियाणं राखलं, त्यांच्याच मुली या हक्काच्या बाहेर. याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये केंद्र सरकारला सांगितलं. रूढी आणि जमिनीचं रक्षण हे प्रश्न नाजूक आहेत, ते आदिवासी बायांनी स्वतः मांडायचे आहेत. पण त्यांच्या सोबत उभं राहणं हे आपलं काम आहे.

तेव्हा येत्या बैठकीत बी वाटून घ्याच, पण त्याबरोबर चार प्रश्नही वाटून घ्या. पाणी कोण भरतं? उरलेली भाजी विकली तर पैसा कुणाकडे जातो? काय पेरायचं हे कोण ठरवतं? घर आणि जमीन कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावून घेण्यापासून सुरुवात करता येईल. घरातल्या पुरुषांनाही या चर्चेला बसवा, आणि वाफ्याला पाणी घालायची पाळी त्यांनाही लावून द्या.

परसातली भाजी ताटात येणं चांगलंच. ती पिकवणारीचं नाव कागदावर येईल, तेव्हा ते घर खऱ्या अर्थानं स्वावलंबी म्हणू. तुमच्या गटात काय चर्चा झाली, काय अडलं, ते जरूर कळवा.