पाडव्याचा हिशेब

रिबॅलन्सिंग म्हटलं की काहीतरी एमबीएवाल्यांचं भारी प्रकरण वाटतं. पण तुरीच्या डाळीचा डबा भरून वाहतोय आणि तांदळाच्या डब्याचा तळ दिसतोय, तर महिन्याची यादी कशी कराल? बस्स, तेवढंच. आमच्याकडे ठरलंय की ६० टक्के इक्विटी फंडांत आणि ४० टक्के पीपीएफ, एफडी, डेट फंडांत. गुढीपाडव्याला श्रीखंड-पुरी झाली की वही उघडायची. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तर दुरुस्त करायचा, नाहीतर वही बंद आणि वामकुक्षी!

तारीख आधीच ठरलेली हवी, हे माझं ठाम मत. "योग्य वेळ आली की बघू" म्हणणाऱ्यांची ती वेळ येतच नाही. बाजार वर असताना विकवत नाही, खाली असताना घ्यायला हात धजत नाही.

२०२० चंच बघा ना. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. पाडवा २५ मार्चला, म्हणजे लॉकडाउनचा पहिलाच दिवस. समजा तुमचे दहा लाख होते. शेअर्सचे सहाचे पावणेचारच्या आत आले, बाकीचे चार तसेच. म्हणजे प्रमाण ४८ टक्के, आणि ६० वर आणायला नव्वदेक हजार इकडून तिकडे. बायको म्हणाली, "नोकरी राहते की जाते ठाऊक नाही, आणि तुम्ही शेअर घेताय?" प्रश्न अगदी रास्त होता. म्हणूनच सहा महिन्यांचा घरखर्च आम्ही या ६०:४० मध्ये धरतच नाही. तो बाजूला होता म्हणून त्या दिवशी धीर झाला.

२०२४ मध्ये उलटं. पाडवा ९ एप्रिलला, आणि त्याच दिवशी सेन्सेक्सने पहिल्यांदा ७५ हजार ओलांडले. मी विकले. सप्टेंबरात तो ८६ हजारांना टेकला, आणि मेहुणा अजून ते ऐकवतो. त्याचं गणित चूक नाही हो. चढत्या बाजारात रिबॅलन्सिंगने परतावा कमीच होतो. पण २०२० पासून हातच लावला नसता तर साठाचे जवळजवळ ७५ टक्के झाले असते (बेंजामिन ग्रॅहमने शेअर्सची वरची मर्यादाही तेवढीच सांगितली होती). मग २०२० सारखी ३८ टक्क्यांची आपटी बसली तर शंभरातले २८ जातात, साठ टक्क्यांवर २३. वीस लाखांवर हा फरक लाखभराचा. लेक कॉलेजात जायच्या बेतात असताना लाख म्हणजे एका वर्षाची फी!

विकणं मात्र शेवटचा उपाय. आधी एसआयपीचं तोंड कमी असलेल्या बाजूला वळवायचं. इक्विटी फंड वर्षभराहून जास्त ठेवून विकला, तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाने वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. आम्ही त्या सव्वा लाखातच बसवतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांचा नफा मात्र सरळ आपल्या स्लॅबमध्ये जातो. आणि पीपीएफ पंधरा वर्षांसाठी अडकलेला, हिशेबात धरायचा पण हलवायचा म्हटलं तर सहजासहजी हलत नाही.

पुढच्या पाडव्याला मेहुणा जेवायला येणार आहे. वही तो यायच्या आधीच उरकून ठेवीन म्हणतो.