बिलगणाऱ्या मुलाचे वाचन

परदेशातील बालगृहात दहा-पंधरा दिवस सेवा करून परतलेल्या चर्चच्या तुकडीचे वृत्तान्त हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा इतका स्थिर झालेला आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांतील मंडळ्या दरवर्षी हैती, ग्वातेमाला, युगांडा, कंबोडिया अशा ठिकाणी तुकड्या पाठवतात. तुकडी परतली की उपासनेच्या वेळी मंडळीसमोर साक्ष दिली जाते, छायाचित्रे दाखवली जातात आणि मग तीच साक्ष मंडळीच्या पत्रकातून छापली जाते. प्रवासवर्णन हा विषय शिकवताना निवेदकाचे स्थान, पाहणारा व पाहिला जाणारा यांचे नाते वगैरे गोष्टी आपण विद्यार्थ्यांना समजावून देत असतो. या साक्षी त्या चौकटीत वाचल्या तर फार काही हाती लागते, पण आपण त्या वाचतच नाही. धार्मिक मजकूर म्हणून एक वर्ग त्या डोक्यावर घेतो आणि दुसरा वर्ग त्याच कारणासाठी त्या बाजूला टाकतो.

त्यांचा आराखडा ठरलेला असतो. विमानतळावरची प्रार्थना, खाचखळग्यांचा रस्ता, रंगवून घेतलेली भिंत, मुलांसाठी भरवलेली बायबल शाळा, शेवटच्या दिवसाचे अश्रू आणि ‘द्यायला गेलो होतो, घेऊनच आलो’ अशा अर्थाची कबुली. हे सारे वगळले तरी चालेल; पण एक प्रसंग मात्र वगळता येत नाही. फाटक उघडते, मुले धावत येतात आणि त्यांतले एक, कधी न पाहिलेल्या त्या पाहुण्याच्या कमरेला घट्ट बिलगते. नाव विचारायचीही वाट न पाहता मांडीवर चढून बसते आणि उठायला तयार होत नाही. सगळी साक्ष या क्षणाभोवती रचलेली असते. निवेदकाने त्याचा लावलेला अर्थही ठरलेला असतो: हे मूल प्रेमाला भुकेले आहे, ते प्रेम मी त्याला देऊ शकलो, आणि म्हणून माझे येणे सार्थकी लागले.

माझे म्हणणे असे की हा अर्थ चुकीचा आहे. ती चूक भाबडेपणाची म्हणून सोडून देण्यासारखीही नाही, कारण या वाचनावर एक सबंध व्यवहार उभा आहे.

ज्या मुलाला आपले माणूस आहे ते मूल परक्यापुढे कसे वागते हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आपल्या घरी नवा पाहुणा आला की दोन-तीन वर्षांचे पोर आईच्या पदराआड जाते, तिथून एका डोळ्याने पाहते, आणि पाहुण्याने दिलेला खाऊ घ्यावा की नाही हे आईच्या चेहऱ्यावरून ठरवते. हे लाजणे हीच त्याच्या सुरक्षिततेची खूण होय. बार्बरा टिझार्ड या विदुषीने १९७० च्या सुमारास लंडनमधील निवासी शिशुगृहांतील मुलांचा अभ्यास केला. ही शिशुगृहे दरिद्री नव्हती. खेळणी होती, पुस्तके होती, प्रशिक्षित परिचारिका होत्या. मात्र मुलांनी कोणा एकीत फार गुंतू नये असे तेथील धोरण होते आणि परिचारिका सतत बदलत. साडेचार वर्षांचे होईपर्यंत एकेका मुलाला सांभाळून गेलेल्या बायकांची संख्या सरासरी पन्नासच्या आसपास भरली. यांतली बरीच मुले कोणाही अनोळखी माणसाशी विलक्षण सलगी करत, आणि कोणाशीही त्यांचे खोल नाते मात्र नसे. पुढे रुमानियातील सरकारी अनाथालयांतही संशोधकांना हेच दिसले. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुले होती. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेली मुले बुद्धी, भाषा, जिव्हाळा या बाबतींत सावरली, आणि जी लवकर गेली ती अधिक सावरली. कुणालाही बिलगण्याची सवय मात्र सहजासहजी सुटत नाही, असेही या अभ्यासांतून पुढे आले.

म्हणजे साक्षीतला तो मध्यवर्ती प्रसंग हे एक लक्षण आहे. निवेदक ज्याला आपल्या प्रेमाला मिळालेला प्रतिसाद समजतो, तो आधी येऊन गेलेल्या सगळ्या तुकड्यांचा एकत्रित परिणाम असू शकतो. मूल या पाहुण्याला बिलगलेले नाही; ते ‘पाहुणा’ या रिकाम्या जागेला बिलगले आहे. तिथे पुढच्या महिन्यात दुसरा कोणी उभा असेल. तुकडीच्या दृष्टीने निरोपाचा दिवस एकदाच येतो, म्हणून तिला तो इतका हृद्य वाटतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर वर्षातून दहा तुकड्या म्हणजे दहा निरोप. हे गणित साक्षीत येत नाही, कारण साक्षीत निवेदक प्रथमपुरुषी असतो आणि मूल, फार झाले तर, एका नावाचे आणि एका हसण्याचे धनी असते.

इथवरचा मुद्दा मुलाच्या मनाचा झाला. याच्याआधीचा एक प्रश्न अधिक जड आहे: ही मुले अनाथ असतात का?

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालगृहांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. या काळात तिथे युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता आणि अनाथ मुलांची संख्या वाढण्याचेही काही कारण नव्हते. वाढले होते ते पर्यटक आणि स्वयंसेवक. या बालगृहांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी हयात असल्याचे आढळले. हैतीबाबत ‘ल्यूमॉस’ या संस्थेने २०१७ मध्ये मांडलेला अंदाज याहून पुढचा आहे: सुमारे ७५० अनाथालयांत ३०,००० मुले, आणि त्यांतली ८० टक्के आई-बापांपैकी एक तरी असलेली. नेपाळमध्ये तर ‘कागदी अनाथ’ असा शब्दच रूढ झाला. दूरच्या डोंगरी जिल्ह्यातून शिक्षणाच्या आशेने मूल काठमांडूला आणायचे, आई-बाप मेल्याचे कागद तयार करायचे, आणि ते मूल पाहुण्यांसमोर उभे करायचे.

मूल सोडणाऱ्या या आई-बापांना निर्दय ठरवण्याची घाई कोणी करू नये. गावात शाळा नाही, औषध नाही. फाटकाच्या आत मात्र शाळा आहे, दोन वेळचे जेवण आहे आणि इंग्रजी बोलणारी माणसे आहेत. अशा वेळी मूल आत पाठवणे हा त्या घराचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. शाळेची फी आणि धान्य घरी पोचले असते तर तो घ्यावा लागला नसता. पण घरी राहणाऱ्या मुलाची साक्ष देता येत नाही. त्याच्यासाठी फाटक उघडत नाही, भिंत रंगवता येत नाही, आणि तुकडीच्या विमानभाड्यासाठी मंडळीपुढे झोळी फिरवण्याचे कारणही उरत नाही.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २९ जानेवारीला, दहा अमेरिकन बाप्तिस्त स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पोचले आणि पकडले गेले. मुलांना देशाबाहेर नेण्याची कागदपत्रे त्यांच्याजवळ नव्हती. आपण अनाथांना वाचवत आहोत असे ते सांगत होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा त्यावर खरोखर विश्वास असावा. चौकशीत निघाले ते असे की मुलांचे आई-बाप, निदान नातेवाईक, हयात होते. बरीच मुले काल्बास नावाच्या एका डोंगरी गावातली होती. शिक्षण मिळेल, आपल्याला भेटायला जाता येईल, या आश्वासनावर घरच्यांनी त्यांना हवाली केले होते. या प्रकरणाची चर्चा कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मला त्यात दिसतो तो कथानकाचा जोर. ‘अनाथ आणि तारणहार’ ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की समोर उभी असलेली आईसुद्धा दिसेनाशी होते, कारण त्या गोष्टीत आईला जागाच नाही.

आपल्याकडे मिशन म्हटले की चर्चा तडक धर्मांतराकडे वळते. तो प्रश्न खोटा नाही, पण इथे तो गैरलागू आहे. कॉलेजला जाण्याआधी एक वर्ष जग पाहायला निघालेले, कोणत्याही धर्माशी संबंध नसलेले तरुण पैसे भरून याच बालगृहांत जातात आणि मुलांची हानी तेवढीच होते. उलट या व्यवहाराचा सर्वांत तिखट निषेध एका कॅथलिक धर्मगुरूनेच केला होता. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर भाषण केले. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांना तुम्ही काय देणार, हा त्यांचा प्रश्न आजही जागच्या जागी आहे.

भाषेच्या या मुद्द्यावर आपल्या इतिहासात एक खरा संबंध सापडतो. केडगावचे मुक्ती मिशन हेही मुलींचे आणि अनाथांचे घर, आणि तिथेही परदेशी मिशनरी सेवेसाठी येत. पण त्या घराच्या केंद्रस्थानी पंडिता रमाबाई होत्या. घराची भाषा मराठी होती, आणि आलेल्यांपैकी अनेकजणी वर्षानुवर्षे राहिल्या. तिकडे तमिळ प्रदेशात डोनावूरला एमी कारमायकल १८९५ साली हिंदुस्थानात आल्या त्या १९५१ मध्ये वारल्या, तोवर एकदाही मायदेशी परतल्या नाहीत. या स्त्रियांच्या दृष्टीवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे. वासाहतिक अहंता त्यांच्या लेखनात जागोजागी आहे. तरीही मूल रात्री तापाने फणफणले की कोण उठणार, हे तिथे ठरलेले होते आणि दहा वर्षांनीही उठणारी तीच असे.

कारमायकल यांच्या पुस्तकाची एक हकीकत इथे नोंदवण्यासारखी आहे. ‘थिंग्ज ॲज दे आर’ हे त्यांचे पुस्तक १९०३ मध्ये निघाले. त्याचे हस्तलिखित आधी मायदेशीच्या समितीकडे गेले तेव्हा ते परत आले होते. समितीला अधिक उत्साहवर्धक मजकूर हवा होता. अपयश, कंटाळा, न ऐकणारी गावे यांचे वर्णन देणगीदारांना रुचणार नाही, ही ती भीती. आजच्या साक्षीचा साचा कुठून आला, याचे उत्तर त्या परत आलेल्या हस्तलिखितात आहे. साक्ष लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही, पण ऐकणाऱ्यांना काय हवे आहे हे त्याच्या लेखणीला त्याच्याआधी ठाऊक असते.

याच्या शेजारी रमाबाईंचे १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवृत्त ठेवून पाहावे. परक्या देशात गेलेली ही स्त्री तेथील राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांविषयी पानेच्या पाने लिहिते. स्वतःचे हृदय किती द्रवले हे सांगण्यात तिला रस नाही. संस्था कशी चालते, पैसा कुठून येतो, कारभार कोणाच्या हाती आहे, हे ती विचारते. बालगृहातून परतलेल्या तुकडीने एवढेच तीन प्रश्न विचारून साक्ष लिहिली तरी तिचे रूप पार बदलेल. चौथा प्रश्न मी जोडीन: या मुलाचे गाव कोणते, आणि तिथे त्याचे कोण आहे?

हा चौथा प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. कंबोडियाने २०१५ मध्ये बालगृहांवर नियमन आणले आणि मुलांना घरी परत पाठवण्याचे धोरण आखले. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानला. खुद्द काही चर्च-संस्थांनी बालगृहांचा पैसा कुटुंबांकडे वळवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणे हा अखेरचाच उपाय मानला आहे. तरीही वाढदिवसाचा केक घेऊन अनाथाश्रमात जाण्याची आणि तिथल्या मुलांना रांगेत बसवून फोटो काढण्याची प्रथा आपल्या शहरांत बिनदिक्कत चालू आहे. कॉलेजांच्या समाजसेवा-विभागांचे अहवालही त्याला अपवाद नाहीत. तिथेही मुले धावत येतात, बिलगतात, आणि अहवालात ते ठळक अक्षरांत छापले जाते.

कंबोडियातल्या एखाद्या समाजसेविकेचे काम याच्या अगदी उलट आहे. ती मुलाच्या तुटक आठवणीवरून गाव शोधते, मामाला किंवा आजीला गाठते, तीन-चारदा जाऊन घर पाहते, शाळेची फी कोण भरणार ते ठरवते, मूल पोचवल्यावर महिन्याने पुन्हा जाते. कामाची भाषा ख्मेर, अहवाल रुक्ष. त्यात सापडलेल्या आजीजवळ नेल्यावर मूल पहिले दोन दिवस दाराशीच उभे राहिले, अशी एखादी नोंद असते, आणि त्या नोंदीत काळजी करण्यासारखे काही नसते.