आधी गायरानाची मोजणी, मग लागवड

वरणगावच्या आसपास तापीखोऱ्यातील काळी कसदार जमीन पिकांखाली असून गुरांच्या वाट्यास गायरान, बांध व मुरमाड माळ एवढेच येते. अशा जमिनीवर किती गुरे चारावीत आणि किती झाडे लावावीत, हे बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरते. ही रीत सोडणे इष्ट होय.

हिरवा दिसणारा माळ चाऱ्याने समृद्ध असतोच असे नाही. कुसळी कितीही दाट असली, तरी तिला कुसळे आल्यावर गुरे ती टाळतात. उलट मारवेल व पवन्या यांची ठोंबे संख्येने कमी असूनही उपयुक्त चारा अधिक देऊ शकतात. म्हणून वनस्पतींची दाटी व त्यांचे उत्पादन ही दोन्ही वेगवेगळी मोजली पाहिजेत.

या कामास मोठा खर्च नाही. १ मीटर लांब व तितकीच रुंद अशी लाकडी चौकट सरळ रेषेत ठरावीक पावलांवर ठेवीत जावे. चांगली जागा पाहून ती ठेवल्यास सारा हिशेब फसतो. चौकटीतील ठोंबे जातवार मोजून गवत कापावे, वाळवावे व तोलावे. सरासरी १०० ग्रॅम भरल्यास हेक्टरी १,००० किलो उत्पादन झाले. मुळांचा जोम व जमिनीचे आच्छादन टिकावे म्हणून निम्मे राखल्यास ५०० किलो उरते. रोज ६ किलो वाळला चारा खाणाऱ्या गाईस ते जेमतेम ८३ दिवस पुरते.

झाडांसाठी १० मीटर लांब-रुंद तुकडा घ्यावा. त्यातील प्रत्येक झाड म्हणजे हेक्टरी १०० झाडे. खानदेशातील अंजनाचा पाला गुरांना उपयोगी पडतो हे खरे. परंतु झाडोऱ्याची दाटी अति झाल्यास खालचे गवत घटते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पिन्यन व ज्युनिपर वृक्षांच्या कोरड्या वनांतही हाच अनुभव आहे.

मोजणीवाचून लागवड करून गायरान बंद केल्यास पहिला फटका बसतो तो स्वतःची जमीन नसलेल्या पशुपालकास. यास्तव ग्रामपंचायतीने दरवर्षी पावसाळा संपताच त्याच रेषांवर मोजणी करून तिची नोंद दप्तरी ठेवावी आणि ती ग्रामसभेत वाचून मगच निर्णय घ्यावा.