पेन्सिलीतला सूर्य
कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १५० फुटी सौरमनोरा आहे. माथ्यावरचे आरसे ऊन खाली सोडतात आणि पायथ्याशी, कागदावर, साधारण ४२ सेंटिमीटर व्यासाचं सूर्यबिंब पडतं. ४ जानेवारी १९१७ पासून निरीक्षक त्या बिंबावर पेन्सिल चालवत आले आहेत. आधी सौरडागाचा काळा गाभा, मग भोवतीची करडी, तंतुमय कड. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण बिंब एका जागी राहतच नाही. हवा थरथरते, सूर्याची कडा उकळत्या दुधागत हलते, डाग पुसट होतो. मधेच क्षणभर हवा निवळते, तंतू सुटे सुटे दिसतात, आणि तेवढ्यात रेघ मारून घ्यायची. छायाचित्रात तो क्षण सापडेलच असं नाही, डोळा मात्र त्याची वाट बघू शकतो. मग डागाशेजारी चुंबकीय ध्रुवतेचं अक्षर, ‘आर’ किंवा ‘व्ही’, आणि क्षेत्राच्या तीव्रतेचा आकडा. डागांमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज एलरी हेल यांनी याच डोंगरावर १९०८ मध्ये दाखवलं. आता उपग्रह अहोरात्र सूर्य टिपतात, मग हे हातकाम कशाला, असं विचारतात. मला ते मुळीच पटत नाही. १९१७ मध्ये उपग्रह नव्हते. तेव्हाचे डाग आजच्या डागांशी ताडून बघायचे तर पद्धतही तीच हवी. घरी कुणाला हात चालवावासा वाटला तर दुर्बिणीला डोळा अजिबात लावू नये, बिंब कागदावर पाडूनच गिरवावं.