शेगडीला हात लावू नको म्हणे!

चातुर्मासातली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं उचलायची हा नेम, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. तव्यावर ज्वारीची भाकरी टाकली आणि पाहते तर ज्योत पिवळी, लांबलचक, जीभ काढल्यासारखी. भाकरी फुगेना. तव्याच्या बुडाला काजळी धरली. दुसरा बर्नर तर नुसता मिणमिणत होता.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "आक्का, मी आळंदला आहे, उद्या बघू," तो म्हणाला. यांना सांगितलं, तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू शेगडीला हात लावू नको. गॅस आहे तो." त्या संध्याकाळी ऐंशीच्या घरातल्या आमच्या आत्याबाई चुरमुरे आणि केळं खाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस आला. बर्नर उचलला, वर्तमानपत्रावर उलटा आपटला. जळकं पीठ, दुधाची खपली आणि एक वाळलेलं झुरळ बाहेर पडलं. भोकांत पिन फिरवली, निपल साफ केलं, बर्नर परत बसवला. निळी ज्योत! पाच मिनिटांचं काम. तीनशे रुपये घेऊन गेला. पैशांचं सोडा, मला माझाच राग आला. तीस वर्षं ज्या शेगडीपुढे मी रोज उभी राहते, तिच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. बी. ए. झाले आहे हो मी.

आणि हे अज्ञान घराण्यातून आलेलंही नाही. आमच्या सासूबाई जेमतेम चौथी शिकलेल्या. तुराट्यांच्या चुलीवर अर्धं आयुष्य काढलं, मग घरात पंपाचा पितळी स्टोव्ह आला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेलं ते यंत्र निंबर्ग्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी लीलया सांभाळलं. एका पत्र्याच्या डब्यात त्यांचा संसार असे: पिनांचं पाकीट, जादा वॉशर, काकडा, छोटा पाना. पंप मारताना हवा धरेना झाली, की त्या कातडी वॉशर काढून खोबरेल तेलात भिजत घालत. ज्योत फरफरली की पिन. टाकी गरम असताना रॉकेल ओतायचं नाही, हा दंडक. शेजारणी आपापले स्टोव्ह कडेवर पोर घ्यावं तसे घेऊन त्यांच्याकडे येत. कानडीत 'ओले' म्हणा, मराठीत चूल म्हणा, ती बिघडली की बाईनं बाईलाच विचारायचं, ही तेव्हाची रीत होती.

मग गॅस आला. डबा माळ्यावर गेला. स्वयंपाक आपलाच राहिला, फक्त त्यातली अक्कल बाहेरच्या माणसाच्या पिशवीत गेली. सरकारनं १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसचं कनेक्शन बाईच्याच नावावर द्यायला सुरुवात केली. पासबुकावर आपलं नाव, सिलिंडर वाहून आणायला, भरून घ्यायला आपण, आणि नळी कधी बदलायची हे मात्र दुसऱ्यानं सांगायचं!

त्या प्रसंगानंतर मी शिकले. शिकण्यासारखं काय आहे ते सांगते, म्हणजे किती थोडं आहे हे तुम्हालाही कळेल. गॅस निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटतो, जाताना बाजूची हवा ओढून घेतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी. भोकं किंवा नळी तुंबली, हवा कमी पडली, तर पिवळी. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळण, काजळी आणि फुकट गेलेला गॅस. आपल्या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीनं गॅसच्या उष्णतेतली किमान ६८ टक्के भांड्याला पोचवायला हवी. तुंबलेल्या बर्नरकडून ही अपेक्षा कशी करायची?

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा रेग्युलेटर बंद करायचा, शेगडी गार होऊ द्यायची, बर्नर काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवायचे, ब्रशनं घासायचे, भोकांतून पिन फिरवायची, पूर्ण वाळवून सरळ बसवायचे. निपलमध्ये अगदी बारीक पिनच घालायची. जाड सुई खुपसली तर मऊ पितळेचं भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायमची बिघडते. दोन्ही बर्नर एकदम मंदावले, तर दोष बर्नरचा नसतो, सिलिंडर किंवा रेग्युलेटर बघायचा. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. नवा सिलिंडर जोडला की जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून बघायची नाही, कधीच नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. वर्षाची कोणती तिमाही, ते अक्षर सांगतं, आणि तपासणीची ती मुदत उलटली असेल तर सिलिंडर दारातच परत करायचा.

आणि कुठं थांबायचं हेही शिकायचं. बटणापाशी वास आला, कॉक घट्ट झाला, रेग्युलेटर नीट बसेना, तर तिथं आपण हात घालायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साठतो. बाहेर जाऊन १९०६ या नंबरवर फोन करायचा. ज्याला यंत्र कळतं त्यालाच त्याचं भय योग्य ठिकाणी वाटतं. न कळणारी एकतर सगळ्याला भिते, नाहीतर वास येत असताना लाइट लावून बघते.

आता आक्षेप. मंडळात हे बोलले, तर एक वहिनी म्हणाल्या, "आधीच कामाचा ढीग, आता हेही बाईनंच करायचं?" बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी म्हणते, मुलालाही बर्नर धुवायला बसवा. पण कुणीतरी येईल म्हणून वाट बघणं, फोनवर फोन करणं, अर्धा स्वयंपाक खोळंबणं, हेसुद्धा कामच आहे, आणि ते आज आपणच करतो. दुसऱ्या म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल." येणार नाही. कॉकचं, व्हॉल्व्हचं खरं काम त्यालाच राहील. पिन फिरवण्याचे तीनशे तेवढे जातील.

तिसऱ्या आजींनी धर्म काढला. चूल हे पंचसूनांपैकी एक, तिथं हिंसा घडते, तिच्यात फार गुंतू नये म्हणाल्या. मी हात जोडून विचारलं, मग काडी ओढायच्या आधी चूल झटकून घ्या, किडामुंगी बघा, हे आपल्याला कुणी शिकवलं? ओटा तीनदा पुसायचा आणि बर्नरच्या नळीतलं झुरळ जाळायचं, हा कुठला यत्नाचार? आजी गप्प झाल्या. पुढच्या बुधवारी त्यांनी सुनेसोबत नातवालाही माझ्याकडे पाठवलं.

एक गोष्ट मात्र मी मंडळात बोलू शकले नाही, ती इथं लिहिते. मी शाळेत असताना माहेरच्या गावी एक नवी सून भाजून गेली. "स्टोव्हचा भडका उडाला," घरच्यांनी सांगितलं. त्या काळी वर्तमानपत्रांतही हे वाक्य वरचेवर असे. स्टोव्हचे अपघात होत नव्हते असं नाही, होत होते. पण त्या दिवशी माझी आई त्या घरी जाऊन आली आणि रात्री हळूच म्हणाली, "टाकी शाबूत आहे. पंपसुद्धा जागच्या जागी आहे. मग भडका उडाला तो कशाचा?" आईला स्टोव्ह कळत होता. पंचनाम्याला मात्र पाच पुरुष होते, आणि तिला विचारलं कुणी नाही. तीही बोलली नाही. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, रस्त्यावर उतरलेल्या बायांमुळे आलं. पण कायद्यालाही कुणीतरी जाणतं लागतं, "ही टाकी फुटलेली नाही" असं चारचौघांत सांगणारं.

म्हणून "तू हात लावू नको" हे वाक्य मला काळजीचं वाटत नाही. ज्या वस्तूपाशी बाईचं आयुष्य जातं, आणि कधीकधी संपतंही, ती वस्तू तिनं आतून ओळखू नये, असं म्हणणं कुणाच्या सोयीचं आहे, याचा विचार करा.

आपल्या मंडळात मेंदीचे वर्ग झाले, केकचे झाले, रांगोळीच्या स्पर्धा दरवर्षी होतात. होऊ द्यात. पण पुढच्या महिन्याची बैठक माझ्या घरी आहे. येताना प्रत्येकीनं आपल्या शेगडीचे बर्नर पिशवीत घालून आणा, नळीवरची तारीख कागदावर लिहून आणा. पिना, ब्रश आणि साबणाचं पाणी मी ठेवते. सासूबाईंचा डबा माळ्यावरून काढून घासून ठेवला आहे. चहा शेवटी करू, तुम्हीच साफ केलेल्या बर्नरवर. आणि हो, मुलांना घेऊन या.