भट्टीवर गेला म्हणून गांवचा उठला काय ?

दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचीं दारें बंद होऊं लागतात. भात झोडून होतें, नागली-वरई कणगींत पडते, आणि ती पुढच्या पावसापर्यंत पुरणार नाहीं हें घरधन्यास कळून चुकतें. मग तो बायकापोरें, तवा-पातेलें आणि चार कोंबड्या घेऊन टेंपोंत बसतो. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो, कोणी नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यावर. शेटची उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत परत येणें नाहीं. येतो तो होळीला, नाहीं तर पाऊस तोंडावर आल्यावर.

अशाच दिवसांत सरकारी माणूस मतदारयादी घेऊन घरोघर फिरतो. तो माणूस पुष्कळदां आम्ही शाळामास्तरच असतों. म्हणून हें मी स्वतःच्या चुकीवरून सांगतों. एका पाड्यावर मी गेलों तों ओळीनें सात घरांच्या दारांना दोऱ्या बांधलेल्या. मीं कागदावर 'स्थलांतरित' असा शेरा लिहावयास घेतला. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगा भट्टीवर गेलाय, मेला नाहीं. होळीला येईल. त्याचं नांव कां खोडतां ?" माझी लेखणी तेथेंच थांबली. पण घरीं येतांना मनांत आलें, ती म्हातारी त्या दिवशीं ओट्यावर नसती तर ?

बंधुभगिनींनो, म्हातारी जें बोलली तोच कायदा आहे. १९५० सालच्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें २० वें कलम सांगतें कीं, माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून तो गांवचा रहिवासी नाहींसा होत नाहीं. मुंबई-दिल्लीच्या गरीब वस्त्यांतील नांवांचा वाद सुप्रीम कोर्टांत गेला, तेव्हां १९९५ सालीं कोर्टानेंहि बजावलें कीं, ज्याचें नांव यादींत आहे त्यास नोटीस दिल्याशिवाय व त्याचें म्हणणें ऐकल्याशिवाय तें काढतां येत नाहीं. मात्र दुसरी बाजूहि खरी आहे. जो बिऱ्हाड हलवून कायमचा भिवंडीकर झाला, त्यानें गांवांत नुसती झोपडी आहे म्हणून येथें मत मागूं नये. त्यानें तिकडे नांव लावावें. एका माणसाचें नांव दोन ठिकाणीं असतां कामा नये.

पुष्कळांची समजूत अशी कीं, ओळखपत्र पेटींत आहे म्हणजे मत आपलेंच. ही समजूत खोटी आहे. मतदानाचें कार्ड हरवलें तर आधार, रोजगार हमीचें जॉबकार्ड, फोटो असलेलें बँकेचें किंवा पोस्टाचें पासबुक, यांपैकीं एखादें दाखवून मत देतां येतें. पण यादींत नांवच नसेल, तर या सगळ्या कागदांची थप्पी नेली तरी केंद्रावरून हात हलवीत परत यावें लागतें. कार्ड हें नुसतें तोंड ओळखण्यापुरतें. हक्क आहे तो यादींत.

आणि ग्रामपंचायतीची यादी कांहीं वेगळी नसते. विधानसभेची जी यादी, तिचेच तुकडे करून प्रभागाची यादी बनते. २०२५ च्या डिसेंबरांत जव्हार नगरपरिषदेसाठीं मतदान झालें, त्यास १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. जो निवडणुकीचा भोंगा ऐकून जागा झाला, त्याचें वरातीमागून घोडें झालें. तिकडे बिहारांत २०२५ सालीं यादी तपासली, तेव्हां मसुद्यांतून सुमारें ६५ लाख नांवें गळलीं. त्यांत मयत होते, दुबार होते. पण 'कायमचे बाहेर गेले' किंवा 'सांपडले नाहींत' अशा शेऱ्यांचा वाटा मोठा होता. नांवें कारणांसह जाहीर करा, असा हुकूम सुप्रीम कोर्टास करावा लागला.

आपलें नुकसान एका मतापुरतेंच नाहीं. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानें गांवची ग्रामसभा म्हणजे मतदारयादींत नांव असलेलीं माणसें. नांव गेलें कीं रानाच्या मालावर, पाण्यावर, पेसाच्या निधीवर बोलण्याचा अधिकारहि गेला. इंग्रजी अमदानींत ठराविक सारा भरणाऱ्यास मत होतें. कूळ, बलुतेदार, मजूर दाराबाहेर. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं सायमन कमिशनपुढें प्रौढ मताधिकार मागितला, आणि राज्यघटनेनें तो सर्वांस दिला. साऱ्याची अट गेली. आतां बंद दाराची अट नव्यानें लागूं द्यावयाची काय?

सरकारास आमचें सांगणें एवढेंच कीं, या डोंगरी तालुक्यांतील घरोघरची तपासणी पावसाळ्यांत, माणसें घरीं असतांना करा; आणि बंद दारास 'स्थलांतरित' लिहिण्यापूर्वीं शेजाऱ्यास विचारा.

आणि आपण काय करावें ? दसऱ्याला पाड्यावरच्या शिकल्या पोरानें यादी मोठ्यानें वाचावी. नवें नांव लावण्यास सहा नंबरचा फॉर्म. लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या यादींतून इकडे आणण्यास, किंवा चूक दुरुस्त करण्यास, आठ नंबरचा. अठरा वर्षें पुरीं होणाऱ्यांसाठीं आतां जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या अशा चार तारखा आहेत. भट्टीवर कोणी कसल्या कागदावर अंगठा मागितला, तर तो वाचून घेतल्याशिवाय देऊं नये.

पोटासाठीं गांव सोडावें लागतें, ही लाज आमची नव्हे. पण टेंपोंत बसण्यापूर्वीं आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहणें, हें काम आमचेंच आहे.