स्प्रिंगांची सायकल आणि स्वाराची जबाबदारी

गेल्या काही वर्षांत शाळांच्या सायकल स्टँडचे रूप पालटून गेले आहे. एके काळी तेथे काळ्या रंगाच्या, उंच सीटच्या, मागे कॅरिअर असलेल्या सायकली एका रांगेत उभ्या असत. आता त्यांच्या शेजारी जाड टायरांच्या, सरळ आडव्या हँडलच्या, पुढे आणि मागे दोन्ही ठिकाणी स्प्रिंगा बसविलेल्या सायकली दिसू लागल्या आहेत. मुले त्यांना 'डबल शॉकअपची सायकल' म्हणतात. पालकांनी त्या मोठ्या हौसेने घेतलेल्या असतात आणि मुलांनाही त्यांचा अभिमान वाटतो. त्यात गैर काहीच नाही. चालत्या पायांना चाके लाभावीत, खानापूर वा जांबोटीकडील लाल मातीची वाट आणि निपाणीकडील काळ्या रानातील गाडीवाट त्यांनी निर्भयपणे तुडवावी, याचा आनंद आम्हांसही आहे.

तथापि एके दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही या सायकली जरा निरखून पाहिल्या, आणि मनास चिंता वाटली. कित्येकींच्या टायरांत हवा पुरेशी नव्हती. काहींचा ब्रेक पूर्ण दाबला असता दांडी थेट मुठीला जाऊन टेकत होती. एका सायकलीच्या मागील सांध्याचा बोल्ट इतका सैल झाला होता की सीट धरून उचलताच खट्‌ असा आवाज येई. मालकास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, ती पहिल्यापासूनच तशी वाजते." उत्तर प्रामाणिक होते; पण आमच्या विचारास चालना मिळाली ती त्याच उत्तराने. आपण यंत्र विकत घेतो, परंतु त्याची विद्या विकत घेता येत नाही. ती शिकावी लागते. आज ती शिकण्याची आणि शिकविण्याची आपली तयारी आहे काय?

हा प्रश्न बेळगावकरांना नवा वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी याच बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. १८८८ हे त्या उद्योगाच्या प्रारंभाचे वर्ष मानले जाते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामुअण्णांनी येथे त्या विकाव्यात, असा तो व्यवहार होता. परंतु सायकल ही वस्तूच त्या काळी अपरिचित होती. म्हणून ती विकणाऱ्यांनाच गिऱ्हाइकास तिच्यावर बसावयास शिकवावे लागे आणि बिघडली तर दुरुस्तही करून द्यावे लागे. या हात काळे करण्याच्या शिक्षणातूनच पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज बेळगावातील किर्लोस्कर रोडवरून सायकल हाकणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल? सायकल आणि सायकलीचे ज्ञान ही दोन्ही आपल्या गावात एकाच दुकानातून मिळत होती. आज पहिली वस्तू सहज मिळते, दुसरी मात्र मागे पडली आहे.

डोंगरी सायकलीचा जन्मही अशाच निगेच्या कथेशी निगडित आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून कच्च्या रस्त्याने खाली येत. १९७६ मध्ये त्यांनी अशा एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या उतारास 'रीपॅक' हे नाव पडले. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडेस स्थान मिळाले. म्हणजे ज्यांनी ही सायकल जगास दिली, त्यांच्या हातास ग्रीस लागलेले होते. आपण त्यांची सायकल घेतली. त्यांची सवय मात्र घ्यावयाचे विसरलो.

आम्ही हे उपदेशाच्या उच्चासनावरून सांगत नाही; आमच्या अंगावर त्याचा व्रण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून अशीच दोन्ही बाजूंस स्प्रिंगा असलेली जुनी सायकल घेतली. पूर्वीचा मालक आमच्यापेक्षा बराच वजनदार असावा. मागील शॉकमध्ये हवा त्याच्या मापाने भरलेली होती. ती आमच्या वजनास जुळवून घ्यावयाची असते, हे ना दुकानदाराने सांगितले, ना आम्ही विचारले. पहिल्याच रविवारी आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो आणि परतताना डांबरी रस्ता सोडून पायवाटेने उतरू लागलो. एका दगडावर मागचे चाक चढले, शॉक दबला आणि उधळलेल्या घोड्याने मागील पाय झाडावेत तसा उसळून आला. आम्ही हँडलवरून पुढे फेकले गेलो. डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि त्या काळात शर्टाची बटणे लावणे हेही काम आम्हांस दुसऱ्याच्या मदतीने करावे लागले. आरंभी आम्ही सायकलीस दोष दिला, मग दुकानास दिला. हात बरा झाल्यावर सायकलीबरोबरची पुस्तिका वाचली, आणि मग मात्र दोष कोणाकडे जातो हे कळून चुकले. अर्ध्या तासाचे काम आम्ही टाळले होते.

ते अर्ध्या तासाचे काम कोणते, ते येथे थोडक्यात सांगतो. सायकलीची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरातील हवा होय. जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीस बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून हवेचा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजही टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज फसवा असतो; दाब मोजणारा पंप वापरावा. छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये.

दुसरी गोष्ट शॉकची. स्वार सायकलीवर नुसता बसला तरी शॉक थोडा दबला पाहिजे. या दबण्यास 'सॅग' म्हणतात. मागील शॉक जितका दबू शकतो त्याच्या सुमारे पाव ते तीस टक्के भाग स्वाराच्या वजनानेच दबावा, असा सामान्य नियम आहे. पुढील फोर्कसाठी हे प्रमाण थोडे कमी, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मोजण्याची रीत सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर रबराची एक बारीक कडी असते. दप्तरासह हळूच सीटवर बसावे, सोबत्याने ती कडी वर सरकवावी, मग न उसळता उतरावे. शॉकची चाल पन्नास मिलिमीटर असेल, तर कडी साडेबारा ते पंधरा मिलिमीटर सरकलेली दिसावी. कमी सरकली तर हवा कमी करावी, जास्त सरकली तर वाढवावी. यासाठी शॉकचा निराळा छोटा पंप मिळतो. टायरचा पंप येथे चालत नाही. हवेऐवजी लोखंडी स्प्रिंग असेल आणि ती आपल्या वजनास फारच मऊ वा फारच कडक असेल, तर ती बदलणे हाच उपाय.

तिसरी गोष्ट, शॉक परत येण्याचा वेग. चांगल्या शॉकवर यासाठी एक लहान कळ असते, बहुधा लाल रंगाची. फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या हळू खाली उतरावे. सायकल एकदा उसळून शांत झाली तर वेग योग्य. पुनःपुन्हा हिंदकळली तर तो कमी करावा. राजहंसगडावर आम्हांस ज्याने फेकले ते हेच. स्वस्त सायकलींच्या मागे पुष्कळदा नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारी यंत्रणा नसते. अशी सायकल दिसावयास डोंगरी असली तरी तिला डोंगरावर नेऊ नये.

आता निगेविषयी. आमच्या भागातील पाऊस व चिखल सायकलीचे दोन शत्रू आहेत. पावसातून आल्यावर चिखल वाळण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावा. मात्र वॉशिंग सेंटरवरील जोराचा फवारा सांध्यांवर मारू नये, त्याने बेअरिंगांत पाणी शिरते. चेन पुसून कोरडी करावी व तिला चेनचेच तेल द्यावे. घरातील खोबरेल वा गोडेतेल घालू नये. ते चिकटते आणि धूळ धरून ठेवते. चेनची झीज साध्या पट्टीने कळते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्या एकअष्टमांश इंचाने लांबल्या, तर चेन केव्हाच बदलावयास हवी होती असे समजावे. डिस्क ब्रेकच्या चकतीस तेलाचा थेंब वा बोटही लागू देऊ नये. ब्रेक पॅडवरील घर्षणाचा थर एक मिलिमीटरहून कमी उरला की पॅड बदलावेत. मागील सांधे महिन्यातून एकदा तपासावेत. सीट धरून मागचे चाक किंचित उचलले असता आवाज वा ढिलेपणा जाणवला, तर सायकल चालवू नये. बोल्ट किती आवळावा याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. 'जितका घट्ट तितका चांगला' हा समज घातक आहे, कारण फार आवळलेला बोल्टही तुटतो. शॉक मात्र घरी उघडू नये. दाबाखालील हवा आणि दबलेली स्प्रिंग ही डोळा फोडू शकते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

उतारावरचे भान निराळेच. तवंदीच्या घाटात वा चोर्ल्याच्या वळणांवर सायकल आपोआप धावू लागते. विज्ञानाच्या तासाला आपण शिकलेलो आहोत की वेग दुप्पट झाला म्हणजे गतिज ऊर्जा चौपट होते. ती सारी ब्रेकने उष्णतेत रूपांतरित करावयाची असते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करावा आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत. सायकल नवी असेल तर कोणता हात कोणत्या चाकाचा, हे आधी सपाटीवर पाहून घ्यावे. डोक्यावर हेल्मेट असावे, हे निराळे सांगण्याची गरज नसावी, पण आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सर्व श्रीमंतांचे चोचले. आमच्या मुलाची सायकल साधी आहे, बिघडली तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आहेच. त्या कारागिराविषयी आम्हांस आदर आहे. परंतु तो घाटात आपल्याबरोबर येत नाही. शिवाय साध्या सायकलीस निगा लागत नाही, हेही खरे नव्हे. कर्नाटक शासनाने २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांस सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा या भागातील कितीतरी मुला-मुलींची पायपीट वाचली. त्यांपैकी ज्या सायकलींना वेळेवर तेल व हवा मिळाली, त्या धाकट्या भावंडांच्याही कामास आल्या. ज्यांना मिळाली नाही, त्या गोठ्यामागे गंजत पडल्या. किंबहुना आमचे स्पष्ट मत असे की, रोज डांबरी रस्त्याने शाळेत येणाऱ्या मुलास बिनस्प्रिंगांची, हलकी, नीट राखलेली सायकलच अधिक उपयुक्त आहे. पालकांनी स्प्रिंगांच्या देखाव्यावर भुलण्यापूर्वी ब्रेक पाहावेत. आणि घेतलीच स्प्रिंगांची सायकल, तर तिच्याबरोबरची पुस्तिका खोक्यासह रद्दीत जाऊ देऊ नये.

मग शाळेने काय करावे? आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक शाळेने दाब मोजणारा एक पंप, षट्कोनी पान्यांचा एक संच आणि तेलाची एक बाटली एवढे साहित्य घ्यावे. महिन्यातील एका शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला सायकल स्टँड हाच वर्ग व्हावा. नववीच्या मुला-मुलींनी पाचवीच्या मुलांच्या सायकली तपासाव्यात, आणि तपासता तपासता त्यांस शिकवावे. हवा, ब्रेक, चेन, चाके, बोल्ट हे पाच शब्द प्रत्येकाच्या जिभेवर असावेत. मुलींनी पाना हाती धरण्यास संकोचू नये, आणि मुलांनी फडका हाती धरण्यास. यास फार द्रव्य लागत नाही. हात काळे करण्याची तयारी तेवढी लागते.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. अपघात झाला म्हणजे आपण रस्त्यास, पावसास, दैवास आणि दुकानदारास बोल लावतो. त्यांचाही दोष कधी असेल. परंतु आपल्या हाताखालचा ब्रेक लागतो की नाही, हे पाहणे आपल्याच हातात असते. तो 'पहिल्यापासूनच वाजणारा' बोल्ट त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून आवळला. त्या मुलाने पाना फिरविला आणि आम्ही सायकल धरली. आवाज थांबला, तेव्हा तो सायकलीकडे जणू ती नवीच घेतल्यासारखा पाहत राहिला. आमच्या मते ती सायकल खऱ्या अर्थाने त्याची झाली ती त्या दिवशी.